सिलिंडर किती दिवस चालतो?

तुमच्या घरी गॅसचा सिलिंडर किती दिवस चालतो?

गेली काही वर्षं हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतो, आणि अनुभवाने सांगतो की एकाच घरातली दोन माणसं सहसा एक उत्तर देत नाहीत. बाहेरच्या खोलीत बसलेले काका म्हणतात, "महिनाभर." लगेच आतून काकूंचा आवाज येतो, "महिनाभर कसला? चांगला चाळीस दिवस जातो. दिवाळीत तेवढा लवकर संपला." मग भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं, मागची पानं उलटली जातात, आणि एखाद्या एकादशीच्या चौकोनात पेनाने लिहिलेलं 'गॅस लावला' सापडतं. बहुतेक वेळा काकू जिंकतात.

पाइपच्या गॅसवाल्यांना विचारलं की ते हसतात. आपल्या बडोद्याच्या काही भागांत १९७२ पासून पाइपने गॅस येतो, त्यामुळे असे हसणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना मी विचारतो, "मागच्या बिलात किती युनिट होते?" रुपये सगळ्यांना आठवतात, युनिट कोणालाच नाही.

मागच्या स्नेहमेळाव्यात मंडळाच्या दोन-तीन ज्येष्ठांनी मला विचारलं होतं, "तू इंजिनिअर ना रे? मग लोकांच्या स्वयंपाकघरातल्या चौकशा कशाला करतोस?" त्याचं उत्तर चहाच्या कपाबरोबर देण्याएवढं लहान नव्हतं, म्हणून हा लेख.

मी कलाभवनातून बी.ई. झालो आणि तेव्हापासून बडोद्यातच सॉफ्टवेअरची नोकरी करतो आहे. चूल, गॅस, लाकूड यांच्याशी माझा संबंध जेवण्यापुरता होता. पण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. एका संस्थेने छोटा उदेपूरकडच्या खेड्यांत सुधारित चुली वाटल्या होत्या. त्यामुळे लाकूड किती वाचलं आणि हवेत जाणारा कार्बन किती कमी झाला, हे घरोघरच्या पाहणीतून काढायचं होतं. पाहणीसाठी टॅबलेटवर चालणारं अ‍ॅप हवं होतं, ते आम्ही लिहिलं. अ‍ॅप प्रत्यक्ष कसं चालतं हे बघायला मी पाहणी करणाऱ्या पथकाबरोबर गावांमधून हिंडलो. आणि जो प्रश्न मला अगदी किरकोळ वाटत होता, तो किती खोल आहे हे तिथे कळलं.

आधी हे गणित कसं मांडतात ते सांगतो. तेल कंपन्यांना देशात एकूण किती सिलिंडर विकले गेले ते माहीत असतं. पण ते कोणत्या घरात किती जळले, श्रीमंताच्या की गरिबाच्या, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. रानातून आणलेल्या लाकडाची तर विक्रीच होत नाही. म्हणून घरोघर विचारावं लागतं. आपल्या देशात हे काम राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून करत आली आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ घरांना प्रश्न विचारले गेले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २४.७ कोटी कुटुंबं होती. म्हणजे पाहणीतलं एकेक घर सरासरीने हजारभर घरांच्या वतीने बोलत असतं.

घराने दिलेलं उत्तर किलोत आणायचं आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचं. एक किलो एलपीजी जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. एक लिटर रॉकेलमागे अडीच किलो, एक किलो लाकडामागे पावणेदोन किलो. विजेच्या एका युनिटमागे, आपल्याकडे बरीच वीज कोळशावर होत असल्यामुळे, ०.७ किलोच्या आसपास. हे गुणाकार शाळकरी मुलालाही जमतील. अडचण गुणाकारात नाही. ज्याला गुणायचं तो पहिला आकडा कुठून आणायचा, ही अडचण आहे.

'गेल्या तीस दिवसांत किती गॅस घेतलात?' असं विचारून बघा. ज्याचा सिलिंडर पंचेचाळीस दिवस चालतो, अशा तीन शेजाऱ्यांपैकी दोघांचा त्या तीस दिवसांत आलेला असेल आणि तिसऱ्याचा नसेल. तिसऱ्याच्या नावापुढे शून्य पडेल. तो काय महिनाभर उपाशी होता? बरं, हजार घरांची सरासरी काढली तर ती बरोबर येते, कारण दोघांचं जास्त आणि एकाचं कमी मिळून हिशेब जुळतो. पण 'गॅस महाग केला तर कोणावर किती बोजा पडेल' असं विचारलंत, की सरासरी कामाची नाही. तिथे प्रत्येक घराचा आकडा लागतो, आणि तो तर शून्य किंवा दीडपट आहे.

म्हणून आपली राष्ट्रीय पाहणी इंधनाच्या बाबतीत किती घेतलं यापेक्षा किती वापरलं हे विचारते. पण अर्धा संपलेला सिलिंडर हलवून बघून 'इतका उरला' असं सांगणं हा अंदाजच. आठवणीवर किती विसंबायचं हा वाद जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, आठवड्याचं विचारावं की महिन्याचं, याचे प्रयोग करून पाहिले होते. पुढे १९९९-२००० च्या फेरीत खाण्याच्या पदार्थांसाठी सात दिवस आणि तीस दिवस असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले गेले, आणि त्यावरून देशातली गरिबी खरंच किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये बरीच वर्षं वाद झाला. प्रश्न कसा विचारला यावरून गरिबांची संख्या बदलते, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आमच्या गावांत आम्ही प्रश्न बदलून पाहिला. 'महिन्याला किती लागतो?' याऐवजी 'शेवटचे दोन सिलिंडर कधी लावले?' तारीख कोणालाच आठवायची नाही, पण सण आठवायचा. "एक होळीच्या आधी, दुसरा नवरात्रात." तिकडे होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण, ती कोणी विसरत नाही. होळी ते नवरात्र, म्हणजे सात महिने एक सिलिंडर. तोच माणूस आधीच्या प्रश्नाला "महिन्या-दोन महिन्याला एक" असं सांगून मोकळा झाला होता. तो खोटं बोलत नव्हता. शहरातून आलेल्या माणसाला जे उत्तर शोभेल असं वाटलं, ते त्याने दिलं. गॅसचं पुस्तक सापडलं तर ते बघायचो, बहुधा सण आणि पुस्तक जुळायचे.

मग सात महिने त्या घरात जेवण कशावर शिजत होतं? इथे दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्याहून कठीण आहे.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पाहण्या विचारतात, 'स्वयंपाकाचं मुख्य इंधन कोणतं?' २०११ च्या जनगणनेत २८.५ टक्के कुटुंबांनी एलपीजी सांगितला आणि ४९ टक्क्यांनी जळाऊ लाकूड. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एलपीजीचा आकडा ६१.४ टक्क्यांवर गेला. मध्यंतरी, मे २०१६ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीव्या जोडणीची कागदपत्रं महाराष्ट्रात, औरंगाबादला दिली गेली. काम मोठं झालं यात शंका नाही. पण जोडणी म्हणजे वापर नव्हे. कॅगच्या २०१९ च्या अहवालात, एक वर्षाहून जुन्या उज्ज्वला ग्राहकांचा वर्षाचा सरासरी वापर ३.२१ सिलिंडर इतकाच निघाला. घरात पाच माणसं असतील तर एवढ्यावर वर्ष निघत नाही.

'मुख्य' हा शब्द काय झाकतो ते २०२० मध्ये 'काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर' या संस्थेने केलेल्या पाहणीत दिसतं. २१ राज्यांतल्या सुमारे १५,००० घरांच्या त्या पाहणीत ७० टक्के घरांनी मुख्य इंधन एलपीजी सांगितलं. पण त्याच पाहणीत ५४ टक्के घरं लाकूड, गोवऱ्या असं काही ना काही जाळत होती, काही फक्त तेच आणि काही गॅसच्या जोडीला. सत्तर आणि चोपन्न मिळून शंभरापेक्षा जास्त होतात. कारण दोन्ही पेटवणारी घरं पुष्कळ आहेत, आणि मुख्य इंधन विचारलं की त्यांची चूल कागदावरून नाहीशी होते.

हे समजायला खेड्यात जायची गरज नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले आपले जुने वाडे आठवा. स्वयंपाकघरात गॅस आला म्हणून मागच्या अंगणातला तांब्याचा बंब काही विझला नाही. आमच्या आजीच्या घरी गॅस होता, कुकर होता, आणि पहाटे बंबात लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या शेंड्याही पडत होत्या. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायला अंगणात तीन विटांची चूल मांडली जायची, कारण एवढं मोठं पातेलं गॅसवर बसायचं नाही. भुशाची शेगडी होती, स्टोव्ह होता, रेशनचं रॉकेल होतं. आजीला कोणी मुख्य इंधन विचारलं असतं तर तिने ऐटीत 'गॅस' सांगितलं असतं, आणि ते खरंच होतं. पण बंब, चूल आणि शेगडी मिळून जे जळत होतं ते कुठल्याच रकान्यात आलं नसतं.

लाकूड मोजणं हे त्याहून वेगळं प्रकरण. आमच्या अ‍ॅपमध्ये 'किलो' लिहायची सोय होती. पण लाकूड किलोने कोण आणतं? उत्तर यायचं 'मोळी'. मग आम्ही मोळी हे एकक टाकलं. मोळी किती किलोची? डोक्यावरून मोळी आणणाऱ्या बाईच्या वयावर, रान किती लांब आहे यावर आणि लाकूड ओलं की सुकं यावर ते ठरतं. तरण्या मुलीची मोळी आणि तिच्या सासूची मोळी यांत दुपटीचा फरक असू शकतो. त्यात कपाशीच्या काड्या, तुरीच्या काड्या, मक्याची कणसं. शिवाय फुकट गोळा केलेल्या लाकडाची किंमत स्थानिक बाजारभावाने धरायची असा पाहणीचा नियम आहे, पण ज्या गावात लाकूड विकतच मिळत नाही तिथे बाजारभाव कसला?

आणि विचारायचं कोणाला? पाहणी करणारा अंगणात येतो तेव्हा खाटेवर घरधनी बसलेला असतो. तो कुटुंबप्रमुख, म्हणून उत्तरं तोच देतो. चूल पेटवणारी आत असते. आमच्या पथकप्रमुख बेन वीस वर्षं हेच काम करत आल्या होत्या. त्या नाव, गाव, जमीन एवढं अंगणात विचारायच्या आणि इंधनाचं पान आलं की उठून आत चुलीपाशी जाऊन बसायच्या. त्यांच्या आणि इतरांच्या नोंदींतला फरक मला संगणकावर बसल्या बसल्या ओळखू यायला लागला. त्यांच्या घरांत लाकूड जास्त जळत होतं, कारण त्या जाळणारीला विचारत होत्या.

एकदा त्यांचा फोन आला. एका घराने महिन्याला सहा सिलिंडर सांगितले होते आणि अ‍ॅप लाल इशारा देत होतं. त्या म्हणाल्या, "आकडा बरोबर आहे. ही बाई घरी खाखरे करून विकते." आता तो गॅस घराचा धरायचा की धंद्याचा? त्या घराची चूल आणि त्या घराचं उत्पन्न एकच होतं. आम्ही त्यासाठी वेगळा प्रश्न घातला.

अमेरिकेत १९७८ पासून घरगुती ऊर्जेची पाहणी होते. तिथे घराला घराबद्दल विचारतात, आणि वीज, गॅस किती जळला ते पुरवठा करणाऱ्या कंपन्यांच्या बिलांवरून घेतात. माणसाच्या आठवणीवर भार टाकत नाहीत. आपल्याकडेही वीज आणि सिलिंडर यांच्या नोंदी आहेत, तिथे हे करता येईल. पण रानातलं लाकूड कोण बिलावर आणणार?

आता तुम्ही म्हणाल, थोडा अंदाज चुकला तर एवढं काय बिघडलं? म्हणून एक छोटा हिशेब मांडतो.

समजा, उद्या कार्बनवर टनाला १,००० रुपये कर बसला. एका सिलिंडरमागे ४२ रुपये वाढतील. वर्षाला बारा सिलिंडर लागणाऱ्या घराला साधारण ५०० रुपये पडतील, चार लागणाऱ्या घराला १७० रुपये. कागदावर हे न्याय्य दिसतं, ज्याचं जास्त जळतं त्याने जास्त भरावं. पण बारावालं घर काही सिलिंडर कमी करणार नाही. चारवालं घर करील, तीनवर येईल. कागदावर ४२ किलो कार्बन वाचला, धोरण यशस्वी!

प्रत्यक्षात त्या चौथ्या सिलिंडरवरचं अन्न कुठेतरी शिजणारच. एका सिलिंडरएवढी आच साध्या चुलीतून मिळवायला ढोबळ मानाने २०० किलो लाकूड लागतं, कारण साध्या चुलीत बहुतेक उष्णता वाया जाते. २०० किलो लाकडातून ३५० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इथे हिशेबाचा आणखी एक पेच आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी तेवढंच लाकूड पुन्हा वाढलं, तर ते झाड हा वायू परत शोषून घेतं, म्हणून त्याची बेरीज शून्य धरता येते. नाही वाढलं तर सगळा मोजायचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उष्ण कटिबंधातल्या देशांत जळणासाठी तोडलेल्या लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूड पुन्हा भरून न येणारं असल्याचं काढलं. तीस टक्के धरलं तरी आपल्या २०० किलोंमागे १०५ किलो होतात. ४२ वाचवायला गेलो आणि १०५ सोडले. धूर, काजळी आणि त्या बाईचे डोळे यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

आपल्याकडे आज गोष्ट उलटी आहे. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर मे २०२२ पासून २०० रुपयांचं आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांचं अनुदान आहे. पण हिशेब तोच, उलट बाजूने. अनुदानाने जास्त जळालेला सिलिंडर पाहणीत दिसतो, आणि त्यामुळे न जळालेलं लाकूड दिसत नाही. ज्या पाहणीने चूल विचारलीच नाही, तिला अनुदान म्हणजे नुसता खर्च आणि वाढलेला कार्बन वाटेल.

आमच्या पाहणीत हा प्रश्न एका बैठकीत टेबलावर आला. प्रश्नावलीला चाळीस मिनिटं लागत होती आणि काम देणाऱ्यांना ती पंचवीस मिनिटांत हवी होती. कमी करायच्या प्रश्नांत पहिलाच होता : 'घरात आणखी एखादी चूल पेटते का? कशासाठी?' कारण असं दिलं गेलं की हा प्रकल्प नव्या चुलीचा आहे, जुन्या चुलीचा नाही. पथकप्रमुख बेन शांतपणे म्हणाल्या, "नवी सून घरात आली म्हणून सासू घर सोडून जाते का? नवी चूल आली म्हणून जुनी कोणी मोडत नाही." सगळे हसले, पण प्रश्न कापायच्या यादीतच राहिला.

मी विदा सांभाळणारा माणूस म्हणून बोललो. नव्या चुलीचं लाकूड मोजायचं आणि जुनीचं सोडायचं, तर बचत येईलच, आणि दर वेळी येईल. त्या बचतीचे पुढे कार्बन क्रेडिट होणार होते. क्रेडिट म्हणजे काय, तर इथे एक टन वाचला असं दाखवून दुसरीकडच्या एखाद्या कंपनीला तो टन विकायचा. ती कंपनी त्याच्या जोरावर स्वतःचा एक टन हवेत सोडते. इथला टन वाचलाच नसेल तर हवेला एका टनाचा तोटा होतो.

दुसरी बाजूही खरी होती, आणि ती मांडणारी माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की आकडा खाली आला तर पैसे थांबतील. पैसे थांबले तर चुलींची दुरुस्ती थांबेल, आणि ज्या बाईचा धूर थोडा तरी कमी झाला आहे ती पुन्हा तीन दगडांवर येईल. प्रामाणिक आकड्याची किंमत तिनेच भरायची का? याला माझ्याकडे त्या दिवशी पटकन उत्तर नव्हतं.

उत्तर बेननीच दिलं. त्यांनी आधीच्या फेरीतल्या नोंदी काढल्या. जुनी चूल कशासाठी पेटते? मक्याचा रोटला, कारण मोठी तवी नव्या चुलीच्या तोंडावर नीट बसत नाही. अंघोळीचं पाणी. ढोरांचं खाणं. पहिलं कारण तर चुलीचं तोंड बदललं की संपेल असं होतं. "हा प्रश्न काढलात तर हे तुम्हाला कोण सांगणार?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या बाईचं भलं करायचं असेल तर तिची दुसरी चूल लपवून ते होणार नाही.

प्रश्न राहिला. त्याशिवाय काही घरांत आम्ही लाकूड प्रत्यक्ष तोललं. सकाळी ढीग ताणकाट्याला लावून वजन करायचं, 'एवढ्यातलंच जाळा' असं सांगायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं तोलायचं, असं चार दिवस. किती माणसं जेवली तेही लिहायचं. जुन्याच पद्धतीचं काम आहे, वेळखाऊ आहे, पण आठवणीपेक्षा काटा बरा. आपल्याच गुजरातेत १९८१ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून, स्वयंपाक करताना त्या किती धूर घेतात ते मोजलं होतं. चुलीचा धूर हा आरोग्याचा मोठा प्रश्न आहे हे जगाला पटवण्यात त्या मोजणीचा मोठा वाटा आहे. त्याआधीही धूर होताच, पण आकडा नव्हता.

तोललेल्या घरांतली बचत नुसत्या सांगण्यावरून काढलेल्या बचतीपेक्षा कमी निघाली. अहवालात दोन्ही आकडे छापले गेले, सांगितलेला मुख्य भागात आणि तोललेला परिशिष्टात. मला ते टोचलं. पण दोन्ही छापले गेले, आणि चुलीच्या तोंडाबद्दलचं पानही त्यात होतं.

पुढे २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जगभरच्या चूल प्रकल्पांचा एक नमुना तपासला आणि त्यांना मिळालेले कार्बन क्रेडिट खऱ्या बचतीच्या सरासरी ९.२ पट निघाले. कारणं ओळखीची होती : नवी चूल किती वापरतात याचा फुगवलेला अंदाज, जुनी चूल चालूच असणं, लाकूड किती भरून येतं याबद्दल सोयीचा आकडा. जिथे इंधन मीटरने मोजलं जात होतं, तिथे ही फुगवट कितीतरी कमी होती. तो अभ्यास वाचताना मला पंचवीस मिनिटांची ती बैठक आठवली.

या कामानंतर मी पुन्हा नेहमीच्या प्रकल्पांकडे वळलो. एक बदल मात्र कायमचा झाला. कोणी 'देशातली इतकी टक्के घरं' असं म्हणालं, की त्या टक्क्यामागे कोण कोणाला काय विचारत होतं, आणि उत्तर अंगणातून आलं की चुलीपाशून, हे मी आधी शोधतो. घरातलं इंधन हा एक आकडा नसतो. तो ऋतूप्रमाणे, सणाप्रमाणे आणि हातातल्या पैशांप्रमाणे बदलतो. त्यातला विकत घेतलेला भाग मोजायला सोपा आणि गोळा करून आणलेला भाग अवघड. अवघड म्हणून जो भाग सोडून देतात, तो नेहमी गरिबाच्या घरचा असतो. म्हणून अंदाज चुकतो तेव्हा तो कसाही चुकत नाही, एकाच बाजूला चुकतो.

शेवटी आपल्या सगळ्यांसाठी एक विनंती. सरकारी पाहणीची माणसं शहरातही येतात. खेड्यात त्यांना खाट टाकून बसवतात, पाणी देतात. आपल्या सोसायट्यांत वॉचमन त्यांना गेटवरूनच परत पाठवतो, किंवा दारातून 'आता वेळ नाही' असं ऐकवलं जातं. मग बारा सिलिंडर, दोन एसी आणि दोन गाड्यांचं घर पाहणीतून गळतं आणि सगळा हिशेब आणखी एका बाजूला कलतो. त्यांचं ओळखपत्र जरूर बघा, आणि मग आत बोलवा. अर्धा-पाऊण तास जाईल. हजारभर घरांच्या वतीने बोलायची संधी रोज मिळत नाही.

आणि इंधनाचं पान आलं, की काकांनी कृपया काकूंना हाक मारावी.